दोन मिनिटांत बॅटरीची तब्येत सांगणारं मशीन

प्रश्न : परभणीत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. स्टार्टर, अल्टरनेटर, वायरिंग ही कामं आयुष्यभर केली. आता मात्र रोज ई-रिक्षा आणि बॅटरीच्या स्कूटी येतात. गिऱ्हाईक एकच विचारतं, बॅटरी गेली का? मी मीटर लावतो, व्होल्ट बरोबर येतात, पण गाडी पळत नाही. सध्या एक रिक्षा दारात उभी आहे. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी. डिस्प्लेवर फुल दाखवते, उभ्या गाडीत ५३ व्होल्ट येतात, आणि तीस-पस्तीस किलोमीटरला बंद पडते. एका विक्रेत्यानं मशीन दाखवलं. दोन वायरी लावायच्या, दोन मिनिटांत बॅटरीची तब्येत टक्क्यांत. सव्वा लाख सांगतोय. बायकोच्या बचत गटाचं कर्ज धरून माझ्याकडं लाखभर जमतील. पुतण्या आयटीआय झालाय, तो म्हणतो, काका, त्यापेक्षा कारचा स्कॅनर घेऊ, पुढं त्यालाच दिवस आहेत. काय घ्यावं?

उत्तर : भाऊ, ते मशीन घेऊ नका. कर्ज काढून तर मुळीच नको.

मशीन खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. अशी बहुतेक मशीनं बॅटरीचा आतला रोध मोजतात. छोटासा एसी करंट आत सोडायचा, रोध काढायचा आणि त्यावरून टक्क्यांचा अंदाज बांधायचा. कारच्या १२ व्होल्ट बॅटरीला हे बऱ्यापैकी लागू पडतं, कारण तिथं स्टार्टरला दोन-चार सेकंद दणकून करंट मिळतो का, एवढाच सवाल असतो. तुमच्या रिक्षावाल्याला दिवसभरात स्टेशन ते कृषी विद्यापीठ किती फेऱ्या होतील ते हवंय. तो सवाल साठ्याचा आहे. रोध ठीक आणि साठा मात्र घटलेला, अशी बॅटरी असते. रोध वाढलेला आणि साठा बराचसा शाबूत, अशीही असते. साठा खात्रीनं कळायचा तर बॅटरी पूर्ण भरायची आणि मोजत मोजत रिकामी करायची, त्याला तास लागतात. दोन मिनिटांत मिळतो तो अंदाज, आणि त्या अंदाजावर तुम्ही एखाद्या गरिबाला नवी बॅटरी घ्यायला लावणार.

विक्रेता फारच मागं लागला तर त्याला दुकानात बोलवा. एक चांगला पॅक आणि एक बसलेला पॅक, दोन्ही पूर्ण चार्ज करून समोर ठेवा आणि कुठला कसा आहे ते सांगू नका. मशीन कुठल्या रसायनाच्या बॅटरीला चालतं आणि किती व्होल्टपर्यंत चालतं, तेही लेखी मागा.

आता दारातल्या रिक्षाबद्दल, कारण कुठलं साधन घ्यायचं ते तिच्यावरूनच ठरेल. ५१.२ व्होल्ट म्हणजे एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाचे) १६ सेल एकामागोमाग जोडलेले, प्रत्येकाचा ठरलेला व्होल्टेज ३.२. तुमच्या ५३ ला १६ नं भागा, सेलमागे ३.३१ येतात. या रसायनाची गंमत अशी की मधल्या मोठ्या टप्प्यात व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही. निम्म्याच्या आसपास भरलेला सेल आणि बराच भरलेला सेल, दोघांत फरक एवढा थोडा की साध्या मीटरवर तो दिसत नाही. म्हणून ‘व्होल्ट बरोबर येतात’ हे तुमचं वाक्य खरं आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. अ‍ॅसिडच्या बॅटरीनं लावलेली ही सवय आहे. तिथं व्होल्ट उतरत जातात आणि आपल्याला वाचता येतात.

एलएफपी सेलचं खरं रूप दिसतं ते दोन टोकांना : चार्ज संपताना आणि बॅटरी बंद पडताना. चार्ज करताना कुठलाही एक सेल ३.६५ व्होल्टला भिडला की बीएमएस, म्हणजे पॅकमधलं राखणदार सर्किट, साधारणपणे तिथंच चार्जिंग तोडतं, बाकीचे पंधरा अर्धपोटी राहिले तरी. चालवताना एक सेल २.५ च्या आसपास घसरला की सगळी गाडी बंद. तेव्हा चार्जर लावून शेवटपर्यंत बघा. पॅक ५८.४ व्होल्टपर्यंत चढतो आणि करंट हळूहळू उतरतो, की ५५-५६ लाच झटक्यात तुटतो? मधेच तुटत असेल तर त्या क्षणी सोळा सेलचे आकडे लिहून घ्या. मग गाडी पळवून बंद पडेपर्यंत न्या आणि परत सोळा आकडे लिहा. सगळ्यांत आधी भरणारा आणि सगळ्यांत आधी रिकामा होणारा सेल एकच असेल तर त्याचा साठा घटलाय, तो सेल गेला. आधी भरणारा एक आणि आधी रिकामा होणारा दुसराच असेल, तर बहुधा दोघेही धडधाकट आहेत, फक्त त्यांच्या चार्जची पातळी एकमेकांपासून सरकली आहे. ती बॅलन्सिंगनं, म्हणजे सगळे सेल एका पातळीला आणून, सुधारते. पण वेळ द्यावा लागतो. साध्या बीएमएसचा बॅलन्सिंग करंट बहुधा ५० ते १०० मिलिअँपिअर असतो. दोन अँपिअर-तासांचा फरक असेल तर वीस ते चाळीस तास लागले, असं धरा. रात्रभर लावून सकाळी ‘काही फरक नाही’ म्हणून पॅक फेकून देणारे कारागीर आपल्याकडं कमी नाहीत.

हे सगळं बघायला लागतं काय? सेलचे आकडे वाचण्याची सोय. बाजारात जोडलेल्या बऱ्याच पॅकमध्ये ब्लूटूथचं बीएमएस असतं, त्याचं अ‍ॅप मोबाइलवर फुकट मिळतं. ते नसेल तर पॅकमध्ये बारीक वायरींचा बॅलन्स कनेक्टर असतो, १६ सेलना १७ वायरी. शेजारशेजारच्या दोन पिनांवर मीटर धरायचा. हात स्थिर ठेवा. प्रोबची टोकं उघडी असतात, त्यांना टोकाएवढी जागा सोडून स्लीव्ह चढवा, नाहीतर दोन पिना जुळून ठिणगी पडते आणि बीएमएस हकनाक जातं. कंपनीच्या पॅकमध्ये हे आकडे बहुतेकदा कुलपात असतात, फक्त सर्व्हिस सेंटरच्या सॉफ्टवेअरला दिसतात. तसा पॅक वॉरंटीत असेल तर सीलला हात लावू नका. बाहेरून मोजता येईल तेवढं मोजा, कागदावर लिहून द्या आणि गिऱ्हाइकाला डीलरकडं पाठवा.

म्हणून पहिली खरेदी चांगल्या मल्टिमीटरची. पिवळा शे-दोनशेचा मीटर ३.३१ दाखवतो. तुम्हाला ३.३१२ आणि ३.२९८ मधला फरक बघायचाय. त्यासाठी निदान ६००० काउंटचा मीटर लागतो, म्हणजे सेलच्या व्होल्टेजला तीन दशांश स्थळं दिसतात. आत सिरॅमिकचा जाड फ्यूज असावा आणि अंगावर कॅट-थ्री ६०० व्होल्ट हा सुरक्षेचा दर्जा लिहिलेला असावा, कारण चार्जरची २३० व्होल्टची बाजूही तुम्हीच तपासणार. नाशिकच्या मोटवाने आणि ऋषभ या कंपन्या मीटर बनवतात, मेको आहे, परवडत असेल तर फ्लूक. नावापेक्षा ही दोन-तीन वैशिष्ट्यं बघा. आणि मीटरमधला सेल वेळेवर बदला. तो उतरला की स्वस्त मीटर व्होल्ट वाढवून दाखवतो, माणूस मग भलतीकडंच दोष शोधत बसतो.

दुसरी खरेदी क्लॅम्प मीटरची, आणि इथं लोक फसतात. दुकानात साधा क्लॅम्प मागितला तर एसीचा हातात पडतो. घरातल्या वायरिंगला तो ठीक, बॅटरीच्या वायरीवर तो शून्य दाखवणार. डीसी करंट मोजणारा, हॉल सेन्सरचा क्लॅम्प हवा. स्विचवर ‘ए’ च्या शेजारी सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ आहे का बघा. ई-रिक्षा सुटताना आणि चढाला करंट उसळतो, म्हणून निदान २०० अँपिअरपर्यंतचा घ्या. मोजण्याआधी झिरोचं बटण दाबायचंच. मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकातून पॅकचा करंट मोजायच्या भानगडीत पडू नका. प्रोब त्या भोकात विसरला आणि पुढच्या वेळी व्होल्ट बघायला गेलात, की थेट पॅकच शॉर्ट.

या दोन मीटरांवर तुमच्या निम्म्या तक्रारी सुटतील. गाडी स्टँडवर घेऊन चाक फिरवून भागणार नाही, खरा लोड हवा. पुतण्याला सोबत घ्या, माणसं बसवून रिक्षा चढावर न्या आणि चालू करंटमध्ये बॅटरीच्या टर्मिनलपासून कंट्रोलरपर्यंत एकेका जोडावर व्होल्ट किती पडतात ते बघा. चांगल्या जोडावर मिलिव्होल्टांत पडतात. एखाद्या कनेक्टरवर अर्धा-एक व्होल्ट पडत असेल तर तोच तापतोय, बॅटरी निर्दोष असू शकते. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल कनेक्टरमध्ये शिरला की हा प्रकार ठरलेला.

चार्जरही आधीच तपासा. बाजारात ‘४८ व्होल्टची बॅटरी’ या एका नावाखाली वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. एनएमसीचे, म्हणजे लिथियमच्याच दुसऱ्या रसायनाचे, १३ सेल असतील तर पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्ट. एलएफपीचे १६ असतील तर ५८.४. आणि अ‍ॅसिडच्या चार बॅटऱ्या, त्यांचं गणितच निराळं. ५८.४ चा चार्जर चुकून १३ सेलच्या पॅकला लागला तर सेलमागे साडेचारच्या आसपास व्होल्ट जाऊ बघतात, आणि त्या सेलची मर्यादा ४.२ आहे. मधे फक्त बीएमएस उभं असतं. चार्जर हरवला म्हणून शेजाऱ्याचा लावला, असं सांगत कुणी आलं तर पॅकला हात लावण्याआधी त्या चार्जरचे व्होल्ट मोजा.

तिसरी खरेदी सगळ्यांत महत्त्वाची, ती म्हणजे साठा मोजणारा डिस्चार्ज टेस्टर. ठरवलेल्या करंटनं बॅटरी रिकामी करतो, ठरलेल्या व्होल्टला थांबतो आणि किती अँपिअर-तास निघाले ते दाखवतो. घेताना विचारायचं ते दोनच : किती व्होल्टपर्यंत, आणि सलग किती वॅट. ६० व्होल्ट ३० अँपिअर-तासांचा स्कूटीचा पॅक १० अँपिअरनं रिकामा करायला तीन तास आणि सहाशे वॅट उष्णता. रिक्षाचा १०० अँपिअर-तासांचा पॅक २० अँपिअरनं पाच तास आणि हजार वॅट. म्हणजे पाच तास दुकानात इस्त्री चालू ठेवल्यासारखं. डब्यावर हजार वॅट छापलेलं असेल तर मी त्यावर सातशेच चालवीन, आणि तुमच्या गावच्या मे महिन्यात तेवढंही पहाटेच. ‘७२ व्होल्ट’चा २० सेलचा एनएमसी पॅक पूर्ण भरला की ८४ व्होल्ट असतो, हे लक्षात ठेवून टेस्टर १०० व्होल्टपर्यंतचा घ्या. डीसीमध्ये ६० च्या वरचा व्होल्टेज धोक्याचा धरतात. तेव्हा अशा पॅकवर काम करताना हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा.

टेस्टर घरच्या विजेवर चालणारा असेल तर चालू चाचणीत लाइट गेल्यावर त्याचा हिशेब पुसला जातो का, हेही विचारून घ्या. पुसला जात असेल तर त्याला छोटा इन्व्हर्टर द्या. पाच तासांची चाचणी साडेचार तासांवर महावितरणच्या हवाली करणं परवडत नाही.

टेस्टरला पैसे कमी पडले तर देशी सोय आहे. हेडलाइटचे ६० वॅटचे १२ व्होल्टी हॅलोजन बल्ब पाच एकामागोमाग जोडले की ६० व्होल्टला साधारण पाच अँपिअर ओढतात. अशा दोन माळा समांतर, म्हणजे दहा. मधे डीसीचा अँपिअर-तास मोजणारा छोटा मीटर लावा. व्होल्ट उतरतील तसा करंट थोडा कमी होईल, पण बेरीज मीटर करतो, त्यामुळं आकडा बरोबर येतो. उणीव एकच : बल्ब स्वतःहून थांबत नाहीत. लो-व्होल्टेज कटऑफचं मॉड्यूल लावल्याशिवाय आणि माणूस समोर बसल्याशिवाय हे करू नका. फक्त बीएमएसच्या भरवशावर सोडून जेवायला जाणं नको.

चाचणीच्या कागदावर तापमान लिहायला विसरू नका. परभणीत मेमध्ये पारा चव्वेचाळीसला टेकतो आणि डिसेंबर-जानेवारीत पाच-सहापर्यंत उतरतो. गारठलेला पॅक साठा कमी देतो आणि रोध जास्त दाखवतो. हिवाळ्यात सकाळच्या पहिल्या फेरीला ‘गाडी ओढत नाही’ म्हणणाऱ्याचा पॅक दुपारी तपासला तर ठणठणीत निघू शकतो. दोन चाचण्यांची तुलना करायची तर दोन्ही जवळपास सारख्या तापमानाला झालेल्या हव्यात, नाहीतर आकडे भांडत राहतात.

पाण्याच्या बॅटरीवाल्या रिक्षाही अजून येतच असतील. त्यांच्यासाठी हायड्रोमीटर. पूर्ण चार्जला आतल्या पाण्याची ग्रॅव्हिटी (घनता) १.२६ ते १.२८ च्या दरम्यान हवी, आणि सहा खणांत एखादा बराच खाली असेल तर तो खण गेला. चार बॅटऱ्यांपैकी एकच वाईट असते आणि लोक चारही बदलतात.

मिलिओम मीटर, म्हणजे अगदी बारीक रोध मोजणारा, दुसऱ्या टप्प्यात घ्या. चार वायरींचाच घ्या, म्हणजे प्रोबचा स्वतःचा रोध त्यात मिसळत नाही. एलएफपीच्या मोठ्या चौकोनी सेलचा रोध एक मिलिओमपेक्षाही कमी असतो, तेव्हा मीटरला मिलिओमचा शंभरावा भाग दिसला पाहिजे. त्याचा उपयोग एकाच पॅकमधले सेल एकमेकांशी ताडून बघायला. पंधरा एकसारखे आणि सोळावा दुप्पट, तर पुढं शोधायची गरज नाही. बाहेरून अख्ख्या पॅकला लावून निकाल देऊ नका. लावायचाच झाला तर त्याच्या इनपुटची व्होल्ट मर्यादा आधी वाचा. थर्मल कॅमेरा छान वस्तू आहे, पण तुम्हाला अजून त्याची निकड नाही. घेतलात तरी चकचकीत बसबारवर तो तापमान कमी दाखवतो, तिथं काळी टेप चिकटवून मग बघायचं.

पुतण्याचं म्हणाल तर त्याचा रोख चुकीचा नाही, वेळ चुकीची आहे. कारचे पॅक बहुतेक तीनशे व्होल्ट आणि त्यावरचे. तिथं कॅट-थ्री १००० व्होल्टचा मीटर, क्लास झिरोचे रबरी हातमोजे, त्यावर चामड्याचे, इन्सुलेशन टेस्टर, आणि त्याहून आधी शिक्षण लागतं. सर्व्हिस प्लग काढल्यावर कंपनीनं सांगितलेली मिनिटं थांबायचं, मीटर आधी चालू बॅटरीवर तपासायचा, मग पॅकच्या वायरींवर शून्य बघायचं, मग परत चालू बॅटरीवर तपासायचा. ही शिस्त हातात बसल्याशिवाय नारंगी (जास्त व्होल्टच्या) वायरीला कुणी बोट लावू नये. सामान्य स्कॅनर घेतला तरी सेलचे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या भाषेत ठेवते, स्वस्तातल्या यंत्राला ते वाचता येतीलच असं नाही. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. ईव्हीचं काही प्रशिक्षण आहे का, तिथं जाऊन विचारू द्या त्याला. स्कॅनरपेक्षा ते स्वस्त पडेल. स्कूटीच्या कंट्रोलरशी बोलायची हौस असेल तर कॅन-यूएसबीची, म्हणजे गाडीतल्या यंत्रांचं आपसातलं बोलणं संगणकावर दाखवणारी, छोटी डबी घेऊन शिकू द्या.

इन्सुलेशन टेस्टरला आपण मेगर म्हणतो. तो ५०० व्होल्ट सोडतो. बीएमएस जोडलेल्या स्कूटीच्या पॅकवर तो लावायचा मोह आवरा, इलेक्ट्रॉनिक्स जळतं.

साधनांच्या पैशातच थोडी जागा सुरक्षेला ठेवा. चाचणी दुकानाच्या दारात, शेडखाली, भिंतीपासून दूर. फुगलेला, मार लागलेला किंवा पाण्यात बुडालेला पॅक तपासायलाच घेऊ नका, आणि रात्री कुठलाही पॅक घरात चार्जिंगला नको. वाळूची बादली आजूबाजूची आग अडवते, पण लिथियम सेलची आतली आग थंड करायला भरपूर पाणीच लागतं, तेव्हा अग्निशमनचा नंबर भिंतीवर लिहा. निकामी पॅक भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणं तो बनवणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थेकडं किंवा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडंच गेला पाहिजे.

पैशाचा हिशेब माझ्या मते असा लावा. दोन्ही मीटर मिळून लाखातला छोटा वाटा. डिस्चार्ज टेस्टरला त्याहून मोठा. हायड्रोमीटर, स्लीव्ह, चांगले प्रोब, कटऑफ मॉड्यूल, हातमोजे यांना थोडा. लाख संपणार नाही. चाचणीचे पैसे गिऱ्हाइकाकडून दुरुस्तीपासून वेगळे घ्या. पाच तास तुमची जागा आणि लक्ष अडकतं, ते फुकट का? पावतीवर पॅकचा नंबर, तारीख, तापमान, किती अँपिअरनं रिकामा केला, किती अँपिअर-तास निघाले आणि बंद पडताना सगळ्यांत खाली असलेला सेल कितवा, एवढं लिहा, आणि त्याची एक प्रत वहीत ठेवा. तोच पॅक सहा महिन्यांनी परत आला की वहीतला जुना आकडा उपयोगी पडेल. डीलरकडं वॉरंटी मागायला गेलेल्या माणसाच्या हातात हा कागद असला तर त्याला टोलवणंही जड जातं.

तीन-चार महिने असं चाललं की पुढं मिलिओम मीटर घ्यायचा की थर्मल कॅमेरा, ते वहीच सांगेल. तोवर बचत गटाचं कर्ज सगळं एकदम उचलू नका, लागेल तसं घ्या.